एका थांब्याची तीन नावं

माझ्या कामाच्या डेटाबेसमध्ये अंधेरी स्टेशनबाहेरचा, पूर्वेकडचा बसथांबा तीनदा येतो. एका ओळीत तो ‘आगरकर चौक’ आहे, दुसऱ्या ओळीत ‘अंधेरी स्टेशन पूर्व’ आणि तिसऱ्या ओळीत नुसताच ‘अंधेरी’. तिन्ही ओळींमधले अक्षांश-रेखांश एकमेकांपासून थोडे थोडे सरकलेले. कॉम्प्युटरच्या मते ही तीन ठिकाणं आहेत. तिथे रोज उतरणाऱ्या माणसाच्या मते ते एकच आहे. हे दोघं एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत म्हणून मला पगार मिळतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. आमची कंपनी लहानशी आहे. ‘इथून तिथे बसने, लोकलने, मेट्रोने कसं जायचं’ हे सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. लोकांना वाटतं यात फार मोठं गणित असेल. गणित आहे, पण ते बहुतेक सगळं दुसऱ्यांनी आधीच सोडवून ठेवलेलं आहे. आमचा वेळ जातो तो ‘हे आणि ते एकच का?’ या प्रश्नात.

बसच्या माहितीची एक ठरलेली मांडणी आहे, तिला जीटीएफएस म्हणतात. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून ती बसवली. मुळात ती अगदी साधी आहे. एका फाइलमध्ये थांबे, दुसरीत मार्ग, तिसरीत फेऱ्या आणि चौथीत कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता येते त्याची भलीमोठी यादी. या चार फाइली नीट असल्या की जगातल्या कुठल्याही शहराची बससेवा कॉम्प्युटरला समजते. अट एकच. प्रत्येक थांब्याला एक ओळख क्रमांक, एक नाव आणि एक बिंदू हवा.

मुंबईचं घोडं इथेच पेंड खातं. इथे थांब्याला पाटीवरचं एक नाव असतं, कंडक्टर ओरडतो ते दुसरं आणि आजी सांगते ते तिसरं. पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई, तोंडात क्रॉफर्ड मार्केट. पाटीवर अहिल्याबाई होळकर चौक, तोंडात चर्चगेट. पाटीवर महेश्वरी उद्यान, तोंडात किंग्ज सर्कल. हुतात्मा चौकाला अजून फाउंटन म्हणणारी माणसं आहेत, आणि त्यांतली काही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलणारी आहेत. जिभेला सवय लागलेली असते, एवढंच.

काही नावं तर जे उरलेलंच नाही त्याची आहेत. धोबीतलावला तलाव नाही. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा. तो १९६५ साली तिथून हलवला. पुढची पन्नासेक वर्षं लोक नसलेल्या घोड्याच्या नावावर भेटत राहिले, आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराशिवायचा एक नवा घोडा आला. पण माझं सगळ्यात लाडकं नाव दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि कायमची थांबली. म्हणजे माझ्या बाबांना चालता येत होतं की नाही, त्या वयात ट्राम संपली. मला दादर टीटी म्हणजे काय हे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तरी मी तिथे शंभरदा उतरलो होतो.

डेटाबेसला हे सांगायचं कसं? आम्ही एक वेगळं टेबल केलं. त्यात एका थांब्याला हवी तेवढी नावं जोडता येतात. टीममधल्या एकाने त्या रकान्याला ‘बोलीतलं नाव’ म्हटलं आणि ते चिकटलं. तो रकाना भरायला मला ऑफिसात जे कुणाकडे नव्हतं ते घरात मिळालं. माझे बाबा बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर होते.

*

बाबांच्या डोक्यातल्या मुंबईला दिशा नाहीत. तुम्ही त्यांना विचारलंत, ‘मरोळ साकीनाक्याच्या कुठल्या बाजूला?’ तर ते गोंधळतात. पण ‘३४० कशी जाते?’ म्हणा, की सुरू होतात. आगरकर चौक, चकाला, जे. बी. नगर, मरोळ नाका, साकीनाका, असल्फा, घाटकोपर. मधले थांबे वेगळे, आणि प्रत्येक थांब्याला एक शेपूट. इथे सकाळी शाळेची पोरं चढणार, इथे मासळीवाल्या उतरणार, टोपल्या आधी खाली घ्यायच्या. इथे डबल बेल जरा उशिरा द्यायची, कारण म्हाताऱ्या बाया मागून पळत येतात. ज्यांनी फक्त दार आपोआप मिटणाऱ्या एसी बस पाहिल्यात त्यांच्यासाठी सांगतो: एकदा घंटी वाजली की बस थांबवायची, दोनदा वाजली की निघायचं. अख्खी बस या दोन इशाऱ्यांवर चालायची.

लहानपणी बाबांचा तिकिटांचा पत्र्याचा डबा हा माझ्यासाठी खजिना होता. त्यात वेगवेगळ्या दरांची, वेगवेगळ्या रंगांची तिकिटं गठ्ठ्यांनी लावलेली. तिकीट फाडायचं आणि पंचने टिक् करून भोक पाडायचं. ते भोक कुठे पडलं यावरून प्रवासी कुठे चढला आणि कुठपर्यंत जाऊ शकतो हे कळायचं. कागदाच्या त्या चिटोऱ्यावर एका ओळीत मार्गाचे टप्पे छापलेले असत. म्हणजे तोही एक नकाशाच होता. रस्ता नसलेला, वळण नसलेलं, फक्त क्रम असलेला.

इंजिनिअरिंगला ‘ग्राफ’ शिकवायला घेतला तेव्हा सरांनी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाचं उदाहरण दिलं होतं. हॅरी बेक नावाच्या एका ड्राफ्ट्समनने १९३१ साली तो काढला. खऱ्या अंतरांचा आणि वळणांचा नाद सोडून त्याने फक्त सरळ रेघा ठेवल्या आणि कोणतं स्टेशन कोणाला जोडलेलं आहे तेवढंच दाखवलं. जमिनीखालच्या माणसाला डोक्यावर कोणती नदी आहे याने फरक पडत नाही, पुढचं स्टेशन कोणतं याने पडतो. वर्गात सगळ्यांनी ते नवीन ज्ञान म्हणून वहीत उतरवलं. मला वाटत होतं, हे तर आमच्या घरी तिकिटाच्या मागे-पुढे छापलेलं असायचं.

बोलीतल्या नावांसाठी बाबांना घेऊन बसलो तेव्हा पहिल्या दिवशी ते खूश होते. दुसऱ्या दिवशी चिडले. ‘‘हे सगळं फोनला कळून काय करायचंय?’’ म्हणाले, ‘‘विचारायचं ना कुणालातरी.’’ मी म्हटलं, ‘‘बाबा, हल्ली कुणी कुणाला विचारत नाही.’’ त्यावर ते काही बोलले नाहीत. मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘लिही. सर्वोदय.’’

*

मुंबईच्या बसचं सगळं गणित रेल्वेने ठरवलेलं आहे. शहर उत्तर-दक्षिण लांबट, आणि पश्चिम आणि मध्य रेल्वेचे मार्ग त्याच दिशेने धावणारे. लोकलने बोरिवलीहून चर्चगेटला जाणं सोपं. पण अंधेरीहून घाटकोपरला जायचं म्हणजे दोन रेल्वेमार्गांमधला सगळा पट्टा आडवा कापायचा. हा आडवा प्रवास वर्षानुवर्षं बसच्या अंगावर होता. अंधेरी-कुर्ला रोड, घाटकोपर-अंधेरी लिंक रोड, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड अशा मोजक्याच आडव्या रस्त्यांवर सगळा भार. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं. तासा-दीड तासाचं अंतर वीसेक मिनिटांवर आलं. तेव्हा मी दहावीनंतरच्या सुट्टीत होतो आणि पहिल्या आठवड्यात मित्रांबरोबर उगाचच चार फेऱ्या मारल्या. बाबा आले नाहीत. त्यांची ड्युटी खालून जाणाऱ्या बसवर होती.

बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. डबलडेकर आली १९३७ साली. डिझेलवरची शेवटची डबलडेकर गेली सप्टेंबर २०२३ मध्ये, ४१५ क्रमांकाच्या मार्गावर, आगरकर चौक ते सीप्झ. तिला हार-तुरे घालून लोकांनी निरोप दिला आणि इन्स्टाग्रामवर दोन दिवस सगळे हळवे झाले. डबलडेकरचं दुःख करायला सोपं, तिचा फोटो छान येतो. एकेकाळी चार हजारांच्या वर असलेल्या बेस्टच्या बस आता तीन हजारांच्याही खाली आल्या आहेत. कमी झालेल्या बसचा फोटो काढता येत नाही. ती फक्त थांब्यावर उभं राहिल्यावर जाणवते.

आणि थांब्यावरचा वेळ वेगळा असतो. कोणत्याही वाहतुकीच्या अभ्यासकाला विचारा, बसमध्ये बसून घालवलेली दहा मिनिटं आणि थांब्यावर उभ्याने घालवलेली दहा मिनिटं माणसाला सारखी वाटत नाहीत. उभ्याची जास्त लांब असतात. रात्रीची त्याहून लांब. बाईमाणसाला एकट्याने आणखी लांब. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या सगळ्यांचा रंग एकच आहे, फिकट राखाडी.

*

दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची जी रीत सगळे कॉम्प्युटरवाले शिकतात, ती एड्सगर डाइक्स्ट्रा या डच माणसाची. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर तो कॉफी प्यायला बसला आणि वीसेक मिनिटांत त्याने ती डोक्यातल्या डोक्यात जुळवली. कागद-पेन्सिलसुद्धा नव्हती. रस्त्यांसाठी ती रीत अजून झकास चालते. बससाठी मात्र जरा अडते, कारण बस आपल्या वेळेवर येते, आपण रस्त्याला लागलो तेव्हा नाही. मग २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी रॅप्टर नावाची वेगळी रीत मांडली. ती फेऱ्याफेऱ्यांनी चालते. पहिल्या फेरीत विचारते, एकाच वाहनाने कुठे कुठे पोचता येईल? दुसऱ्या फेरीत, एकदा बदलून कुठे? तिसऱ्या फेरीत, दोनदा बदलून? तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं, कारण माझी आई अगदी असाच विचार करते.

आईची बहीण कुर्ला पश्चिमेला राहते. आम्ही असल्फ्याला. आमचं ॲप सांगतं: असल्फाहून मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने कुर्ला. आई शेअर रिक्षाने साकीनाक्याला जाते आणि तिथून ३३२ धरते. ॲपचा मार्ग वीस मिनिटं वाचवतो. आई त्याला हात लावत नाही. एकदा मी तिच्याबरोबर ॲपच्या मार्गाने गेलो आणि पायऱ्या मोजल्या. मेट्रोला सरकता जिना होता, ठीक. घाटकोपरच्या पुलावर गर्दीत थांबायला जागा नाही, मागून रेटा. लोकलमध्ये चढायला काही सेकंद. कुर्ल्याला पुन्हा पूल. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. तिच्या हिशोबात एक मिनिट आणि एक पायरी ही वेगवेगळी नाणी आहेत, आणि पायरी महाग आहे.

ऑफिसात मी हे बोललो. ‘कमी पायऱ्या’ असा पर्याय द्यायला कुणाचाच विरोध नव्हता. अडचण माहितीची होती. पायऱ्या कुठे आहेत हे कोणत्याच फाइलमध्ये नव्हतं. आपले नकाशे शहराकडे आकाशातून बघतात, आणि आकाशातून उंची दिसत नाही.

याचं सगळ्या मुंबईने पाहिलेलं उदाहरण म्हणजे अंधेरीचा गोखले पूल. जुना पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. नव्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, तेव्हा लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा नवा पूल यांच्या उंचीत काही फुटांचा फरक आहे. दोन्ही रस्ते एकमेकांसमोर येऊन थांबलेले, एक वर, एक खाली. आठवडाभर फोनवर मीम्सचा पाऊस पडला. पुढे बर्फीवाल्याचा तेवढा भाग जॅक लावून उचलून जुळवला गेला. वरून काढलेल्या नकाशावर त्या दोन रेघा पहिल्या दिवसापासून व्यवस्थित जुळत होत्या.

*

आमचं घर असल्फ्याच्या डोंगरावर आहे. मेट्रोतून जाताना उजवी-डावीकडे रंगीबेरंगी घरांची उतरंड दिसते, लोक खिडकीतून व्हिडिओ काढतात, तोच डोंगर. २०१७-१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी येऊन इथल्या भिंती रंगवल्या आणि इटलीतल्या कुठल्याशा गावाशी त्याची तुलना झाली. रंग छानच आहेत. आमची भिंत फिरोजी आहे. पण फोनवर नकाशा उघडलात तर मुख्य रस्त्यावरून एक गल्ली आत शिरते, थोडी वर येते आणि संपते. तिच्या पुढे करडा रंग. त्या करड्या रंगात काही हजार माणसं राहतात, मी त्यांतला एक.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईत सव्वा कोटीच्या आसपास माणसं होती आणि त्यांतली सुमारे ४२ टक्के झोपडपट्टीत राहत होती. म्हणजे हा करडा रंग काही शहराच्या कडेला सांडलेला थेंब नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री पावणेदोनला शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांच्या मुलाने अँब्युलन्सला फोन केला, लोकेशन पाठवलं. पिन बरोबर घरावर होती. अँब्युलन्सही वेळेत आली. पण नकाशाने तिला डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आणून उभं केलं, कारण सरळ रेघेत तो रस्ता आमच्या घराला सगळ्यात जवळचा होता. मध्ये फक्त एक कडा होती. ड्रायव्हर खालून फोनवर सांगत होता, ‘‘मी पोचलोय, तुम्ही दिसत नाही.’’ आम्ही वरून सांगत होतो, ‘‘आम्ही इथेच आहोत.’’ दोघंही खरं बोलत होते. ती वळसा घालून योग्य बाजूला येईपर्यंत आम्ही चौघांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून एकशे साठ-पासष्ट ओल्या पायऱ्या उतरवलं होतं. काका वाचले. पण त्या रात्रीनंतर ते फारसे खाली उतरलेले नाहीत.

आमच्या बाजूच्या मोठ्या माणसांना अशी रात्र नवी नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात साकीनाक्याला दरड घरांवर कोसळली आणि कितीतरी माणसं गेली. कुठली वाट उघडी आहे, कुठून माणूस बाहेर काढता येईल, हे तेव्हा फक्त तिथल्याच लोकांना माहीत होतं. बाहेरून आलेल्याला वाट दाखवायलाही एक माणूस लागत होता.

मी ठरवलं की आपल्या पायऱ्या नकाशावर घालायच्या. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे, २००४ पासून जगभरचे लोक मिळून तो काढतात, विकिपीडियासारखा. त्यात ‘पायऱ्या’ असा वेगळा प्रकार आहे. किती पायऱ्या, कठडा आहे का, हेही लिहिता येतं. माझ्यासमोर नैरोबीचं उदाहरण होतं. तिथल्या किबेरा या प्रचंड वस्तीच्या जागी नकाशांवर नुसतं रिकामं होतं. २००९ मध्ये तिथल्याच तरुण मुलांनी फिरून ती वस्ती ओपनस्ट्रीटमॅपवर आणली. त्याच शहरात पुढे विद्यार्थी फोन घेऊन खासगी मटाटू गाड्यांमध्ये बसले, शंभरहून अधिक मार्ग नोंदवले आणि २०१४ मध्ये त्यांचा नकाशा काढला. आम्हाला तर एकच डोंगर करायचा होता.

तीन रविवार मी आणि वस्तीतली कॉलेजची दोन पोरं फिरलो. फोनचा जीपीएस अरुंद गल्लीत उड्या मारतो, भिंतीतून आरपार गेल्यासारखा दाखवतो, म्हणून वहीत हाताने चित्र काढलं. मुख्य जिना, त्याला फुटणाऱ्या सात वाटा, सार्वजनिक नळ, संडास, गणपतीचं मंडळ, बालवाडी. एक वाट एका घराच्या पडवीतून जाते. तिथल्या आजींना विचारलं, ही वाट सार्वजनिक का? त्या म्हणाल्या, ‘‘दिवसा आहे.’’ यासाठी नकाशात कुठलं चिन्ह नाही.

चौथ्या रविवारी काकींनी मला हाक मारली. त्याच काकी, ज्यांच्या नवऱ्याला आम्ही खुर्चीतून उतरवलं होतं. मला वाटलं चहासाठी. त्या म्हणाल्या, ‘‘घरं मोजतोयस म्हणे तू.’’

मी म्हटलं, ‘‘घरं नाही काकी, वाटा. त्या रात्री अँब्युलन्स चुकली ना, म्हणून.’’

‘‘अँब्युलन्सला दिसेल तसं बाकीच्यांना पण दिसेल ना?’’

मला उत्तर सुचेना. नकाशा एकदा लोकांसमोर आला की त्याला कोण आणि कशासाठी बघतंय हे आपल्या हातात राहत नाही. आणि काकींची भीती पोकळ नव्हती. मुंबईत झोपडं कधीचं आहे यावर सगळं ठरतं. १ जानेवारी २००० च्या आधीचं असेल तर पुनर्वसनात घर मोफत. त्यानंतरचं, २०११ पर्यंतचं असेल तर पैसे भरून. त्यानंतरचं असेल तर देव जाणे. वर चढवलेला माळा तर बहुतेक ठिकाणी हिशोबातच धरत नाहीत, आणि काकींचा थोरला मुलगा, सून आणि नातू माळ्यावर राहतात. काकींकडे जुनं लाइटबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतल्या नावाची प्रत, सगळं एका पिशवीत बांधून पत्र्याखाली ठेवलेलं आहे. पाऊस लागला की आधी ती पिशवी हलवतात. त्यांना कागदावर यायचं नाही असं मुळीच नाही. आपण कोणत्या कागदावर यायचं हे त्यांना स्वतः ठरवायचं आहे.

‘‘तुझं शिक्षण झालंय,’’ काकी म्हणाल्या, ‘‘तू उद्या फ्लॅट घेशील. आम्ही इथेच आहोत.’’

हे लागलं, कारण खरं होतं. माझ्या लॅपटॉपमध्ये एका गृहकर्जाचा कॅल्क्युलेटर खरोखरच उघडा होता.

त्या आठवड्यात मंडळाच्या खोलीत पंधरा-वीस जण बसलो. बाबाही आले. मी प्रोजेक्टर नेला नाही. वहीतलं चित्रच मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावलं. चर्चा दोन तास चालली आणि अधूनमधून ती नळाच्या वेळेवर घसरत होती. काही जण म्हणाले, काहीच नको. पोरं म्हणाली, सगळं टाका. ऑनलाइन मागवलेली वस्तू घ्यायला दरवेळी खाली उतरावं लागतं. शेवटी बाबांनी विचारलं, ‘‘घर दाखवायची गरज काय? बस काय प्रत्येकाच्या दारात जाते? थांबा दाखवा. थांब्यापासून माणूस चालत येतो.’’

तेच ठरलं. मुख्य जिना, सात वाटा, नळ, संडास, मंडळ आणि बालवाडी एवढं नकाशावर गेलं. घरांच्या चौकटी काढायच्या नाहीत. पडवीतून जाणारी वाट घालायची नाही. आणि वाटेवरच्या पाच ठिकाणांना नावं द्यायची, म्हणजे फोनवर सांगता येईल: ‘तिसऱ्या थांब्याला या, तिथून माणूस पाठवतो.’ नावं द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एका वळणाला जुनी माणसं ‘पिंपळ’ म्हणतात. पिंपळ कधीच पडला, मी तो पाहिलेलाही नाही. पोरांनी दुसरं नाव सुचवलं. बाबांनी मान हलवली. पिंपळच राहिला.

वस्तीबाहेरचा कुणीतरी उद्या उपग्रहाच्या चित्रावरून घरांच्या चौकटीही काढेल, त्याला आम्ही अडवू शकत नाही. हल्ली तर घरांच्या आकृत्या कॉम्प्युटर स्वतःच ओळखतो. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजीपिन आणलं, त्यात सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत कापलेला आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा पत्ता आहे. काकींच्या घरालाही तो आहे, कुणी न विचारता मिळालेला. मी त्यांना तो काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, ‘‘यात वर की खाली ते कळतं का?’’ नाही कळत. डोंगराचा पायथा आणि त्यावर लटकलेलं घर शेजारशेजारच्या चौकोनांत बसतात.

ऑफिसच्या कामात यातून एक बदल झाला. पायी चालायच्या मार्गात पायऱ्यांची माहिती असेल तर आता आम्ही ती मोजून दाखवतो: ‘चालत ६ मिनिटं, ८० पायऱ्या.’ फार थोड्या ठिकाणी माहिती आहे, त्यामुळे फार थोड्या लोकांना ती ओळ दिसते. वाढेल हळूहळू. ज्या वस्तीला वाढवायची नसेल तिथे वाढवायची नाही, हा नियम मी टीममध्ये मांडला. त्यावर एकाने विचारलं, ‘‘वस्तीला हवंय की नकोय हे आपल्याला कसं कळणार?’’ मी म्हटलं, विचारून. यावर बराच वेळ वाद झाला, कारण विचारणं हे आपोआप चालणारं काम नाही, त्याला माणूस आणि रविवार लागतो. तो वाद अजून मिटलेला नाही.

गेल्या महिन्यात काकांना तपासणीसाठी खाली न्यायचं होतं. काकी दारात उभ्या राहून फोनवर रिक्षावाल्याला समजावत होत्या. मी मागे उभा होतो, मदत लागली तर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ‘‘नकाशात पिंपळ आहे बघ,’’ त्या फोनवर म्हणाल्या, ‘‘झाड नाहीये, नाव आहे. तिथपर्यंत पायऱ्यांनी ये. आम्ही वरून उतरतोय, हळूहळू येऊ. थांबशील ना?’’